किकोंगोच्या बोली आणि त्यांची बांटू भावंडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किकोंगो ही नेमकी कुठली भाषा?

काँगो नदी अटलांटिक महासागराला मिळते त्या मुखाच्या दोन्ही अंगांना पसरलेली. आजच्या नकाशावर ती चार देशांत विभागली आहे : काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा कोंगो सेंट्राल प्रांत, काँगो-ब्राझाव्हिलचा (म्हणजे शेजारच्या काँगो प्रजासत्ताकाचा) दक्षिण भाग, उत्तर अंगोला (त्यात काबिंडा हा तुटक तुकडाही आला) आणि गॅबनचा दक्षिण कोपरा. या सीमा युरोपीय सत्तांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखल्या. भाषा त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे, त्यामुळे बोलींच्या रेषा आणि देशांच्या रेषा एकमेकींशी जुळत नाहीत. हे आधीच मनात पक्के केले, तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

नावातला ‘कि’ कशासाठी?

किकोंगो ही बांटू कुळातली, म्हणजे आफ्रिकेच्या मध्य आणि दक्षिण भागात पसरलेल्या मोठ्या भाषाकुळातली. बांटू भाषांत नामाचा वर्ग त्याच्या सुरुवातीच्या उपसर्गावरून कळतो. मराठीत आपण शब्दाचे शेपूट बदलतो, घोडा-घोडे-घोडी. तिथे तोंड बदलते. किकोंगोत ‘किंझू’ म्हणजे भांडे, ‘बिंझू’ म्हणजे भांडी. शिवाय हा उपसर्ग सोबतच्या शब्दांनाही लागतो : ‘किंझू किमोसी’ म्हणजे एक भांडे, ‘बिंझू बिओले’ म्हणजे दोन भांडी. नामाने ‘कि’ म्हटले की विशेषणानेही ‘कि’ म्हणायचे. भाषांची नावे याच ‘कि’ वर्गातली. कोंगो लोकांची भाषा ती किकोंगो, याका लोकांची कियाका, योम्बे लोकांची कियोम्बे.

आता एक गंमत पाहा. हाच उपसर्ग जसजसे पश्चिमेला किनाऱ्याकडे आणि तिथून उत्तरेला गॅबनकडे जावे तसतसा बदलत जातो. विली लोक आपल्या भाषेला चिविली म्हणतात. काबिंडाकडचे वोयो लोक इवोयो म्हणतात. गॅबनमधले पुनू लोक यिपुनू म्हणतात. कि, चि, इ, यि. भाषेने स्वतःच्या नावातच आपल्या बोलीचा शिक्का मारून ठेवला आहे. वर्गीकरणाचा अभ्यास कुठून सुरू करावा असे कुणी विचारले, तर मी नेहमी याच चार नावांपासून करायला सांगतो. पुस्तक न उघडताही ध्वनिबदल कानाला ऐकू येतो.

किकोंगो ही एक भाषा आहे की अनेक?

दोन्ही उत्तरे देणारे लोक आहेत आणि दोघांकडेही कारणे आहेत. ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ हे आपण म्हणतोच. किकोंगोच्या मुलखात ते अक्षरशः खरे आहे. शेजारच्या दोन गावांना एकमेकांचे बोलणे सहज कळते, त्यापुढच्या गावाचेही बरेचसे कळते. पण साखळीचे एक टोक गॅबनमधल्या पुनूंचे आणि दुसरे पूर्वेला क्वांगो नदीकाठच्या याकांचे. ही टोके समोरासमोर आणली, तर संभाषण होणार नाही. साखळीत मध्येच एक कडी दाखवून ‘इथे एक भाषा संपली, इथे दुसरी सुरू झाली’ असे म्हणता येत नाही.

म्हणून अलीकडचे अभ्यासक ‘किकोंगो भाषा-समूह’ असे म्हणतात. मला हा शब्द पटतो. त्यात एकतेचा दावाही नाही आणि तोडातोडीही नाही.

बोलीभाषक स्वतः मात्र बहुधा ‘मी किकोंगो बोलतो’ असे म्हणण्याआधी आपल्या बोलीचे नाव घेतात : किझोम्बो, किसोलोंगो, किन्तांडू, किन्दिबू, किमान्यांगा, किलारी, किबेम्बे. ‘सगळ्यांची मिळून एक किकोंगो’ ही जाणीव विसाव्या शतकात जाणीवपूर्वक वाढवली गेली. १९५० साली स्थापन झालेली ‘आबाको’ ही संघटना मुळात किकोंगो भाषेचे ऐक्य, जतन आणि प्रसार यांसाठी निघाली होती. १९५४ मध्ये जोसेफ कासा-वुबू तिचे अध्यक्ष झाले, संघटनेचा राजकीय पक्ष झाला आणि १९६० मध्ये कासा-वुबू स्वतंत्र काँगोचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ते स्वतः योम्बे होते, म्हणजे समूहाच्या पश्चिम फांदीवरचे. व्याकरणाच्या आणि लेखनाच्या चर्चेतून निघालेली चळवळ राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचली. बोलीचे वर्गीकरण हा कोरडा विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

एच १६, बी ४३ असे जे क्रमांक दिसतात ते काय आहेत?

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ माल्कम गथ्री यांनी १९४८ साली बांटू भाषांना क्रमांक दिले आणि १९६७ ते १९७१ या काळातल्या मोठ्या ग्रंथात ते सुधारले. संपूर्ण बांटू प्रदेशाचे त्यांनी विभाग पाडले, प्रत्येकाला एक रोमन अक्षर दिले आणि विभागात दहा-दहाचे गट केले. स्वाहिली जी ४२, झुलू एस ४२. कोंगोचा गट एच १०. त्यात बेम्बे एच ११, विली एच १२, कुन्यी एच १३ आणि खास कोंगो एच १६. एच १६ चे पुन्हा दक्षिण कोंगो, मध्य कोंगो, योम्बे, लाडी, पूर्व कोंगो असे उपविभाग, ए, बी, सी अक्षरांनी. २००९ मध्ये यौनी माहो यांनी ही यादी अद्ययावत केली. आजही कोणताही लेख उघडा, भाषेच्या नावापुढे हा क्रमांक असतोच. नावांची स्पेलिंगे इतकी तऱ्हेतऱ्हेची आहेत की क्रमांकाशिवाय चुकामूक व्हायचीच.

मग एच १० मधल्या भाषा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच होतात. गथ्रींचा क्रमांक हा पत्ता आहे, वंशावळ नाही. एका वाड्यात राहणारे सगळे एका रक्ताचे असतातच असे नाही आणि सख्खा भाऊ तीन गल्ल्या पलीकडे राहत असू शकतो.

एच विभागातच पाहा. एच १० मध्ये कोंगो, एच २० मध्ये किम्बुंडू (लुआंडाच्या परिसरातली), एच ३० मध्ये याका आणि सुकू. अक्षर एकच, म्हणून किम्बुंडू ही कोंगोची जवळची बहीण वाटते. आणि पुनू, सिरा, लुम्बू या गॅबनकडच्या भाषा बी ४० मध्ये, म्हणजे अक्षरच वेगळे. त्या परक्या वाटतात. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. शब्दसंग्रह आणि ध्वनिबदल तपासले की पुनू-लुम्बू या किकोंगो समूहाच्या आत पडतात, विली आणि योम्बेच्या बाजूला. याका-सुकूही समूहातच येतात. किम्बुंडू मात्र बाहेर, अंगोलातल्या दक्षिणेकडच्या वेगळ्या शाखेत.

हे कुणी आणि कसे ठरवले?

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात कोएन बोस्तोएन यांच्या नेतृत्वाखाली ‘काँगोकिंग’ नावाचा प्रकल्प झाला. भाषाशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ एकत्र बसून जुन्या कोंगो राज्याचा इतिहास शोधत होते. त्यातून २०१५ मध्ये जिल-मॉरिस द स्क्रैव्हर, रेबेका ग्रोलमुंद, सायमन ब्रॅनफर्ड आणि बोस्तोएन यांनी किकोंगो समूहाचे नवे वर्गीकरण मांडले.

पद्धत ऐकायला सोपी, करायला चिकाटीची. ९० हून अधिक बोली घ्यायच्या. प्रत्येकीतून रोजच्या वापरातले, सहसा उसने न घेतले जाणारे शब्द गोळा करायचे : पाणी, डोळा, आग, खाणे, दोन, रात्र. मग प्रत्येक अर्थासाठी कोणत्या बोलींचे शब्द एकाच मुळातून आले आहेत ते ठरवायचे. उदाहरणार्थ पाण्यासाठी दक्षिणेकडे ‘माझा’, मान्यांगाकडे ‘न्लांगू’. हे दोन वेगळ्या मुळांतले, म्हणून वेगळ्या खणात जातात. असा तक्ता तयार झाला की जीवशास्त्रात प्रजातींच्या वंशावळीसाठी जे गणित वापरतात, त्याच जातीचे गणित लावून सर्वांत संभाव्य झाड शोधायचे. मूळ कोणते हे ठरवणे मात्र यंत्राचे काम नाही. तिथे त्या भाषांचे ध्वनिनियम जाणणारा माणूसच लागतो.

मग किकोंगोच्या शाखा कोणत्या निघाल्या?

पश्चिम शाखेत विली, योम्बे, वोयो आणि गॅबनकडच्या पुनू, लुम्बू. उत्तरेला बेम्बे, लारी. दक्षिणेला किसिकोंगो म्हणजे म्बांझा कोंगो या जुन्या राजधानीच्या परिसरातली बोली, आणि झोम्बो. पूर्वेला न्तांडू, म्बाता, न्कानू. आणखी पूर्वेला याका, सुकू वगैरे, ज्यांना ‘किकोंगोसदृश’ असे नाव दिले गेले.

मधोमध राहतात मान्यांगा, न्दिबू यांसारख्या मध्य किकोंगो बोली आणि खरी मजा तिथेच आहे. ही मध्य किकोंगो इतर शाखांसारखी एका पूर्वजातून फुटलेली सरळ फांदी नाही. चारी बाजूंच्या शाखा तिथे येऊन मिसळल्या. व्यापाराचे रस्ते, राज्याचा कारभार, लग्नसंबंध, सगळ्यांतून शब्द आणि लकबी इकडून तिकडे गेल्या. गणिताचे झाड तिथे डळमळते, आणि ते डळमळणे हाच पुरावा आहे.

झाडाच्या चित्राने हे सगळे दाखवता येते का?

नाही, आणि मला सगळ्यात जास्त जे सांगायचे आहे ते हेच. झाड वारसा दाखवते, शेजार दाखवत नाही. भाषेला दोन्हींतून मिळते.

‘माणूस-माणसे’ हा शब्द घ्या. ‘बांटू’ हे कुळाचे नाव त्यावरूनच आले. विल्हेल्म ब्लेक यांनी एकोणिसाव्या शतकात ते रूढ केले. किकोंगोच्या बऱ्याच बोलींत ‘मुंतू-बांतू’. झुलूत ‘उमुंतू-अबांतू’. लिंगालात ‘मोतो-बातो’. स्वाहिलीत ‘म्तू-वातू’. किम्बुंडूत ‘मुतू-आतू’. आणि दक्षिण किकोंगोत, म्बांझा कोंगोच्या बाजूला, अनेकवचन ‘आंतू’ किंवा ‘वांतू’. म्हणजे दक्षिण किकोंगो आणि किम्बुंडू, दोन्हींत ‘बा’मधला ‘ब’ गळाला. एवढेच पाहिले, तर दक्षिण किकोंगोला तिच्या उत्तरेकडच्या बहिणींपासून तोडून किम्बुंडूच्या पंक्तीला बसवावेसे वाटेल. पण बाकीचा सगळा पुरावा त्याविरुद्ध जातो. एक गळालेला ‘ब’ नाते सिद्ध करत नाही.

उपसर्ग झिजण्याच्या या प्रवृत्तीवर बोस्तोएन आणि द स्क्रैव्हर यांनी वेगळे काम केले. त्यांचा निष्कर्ष असा की किकोंगो समूहात हा बदल पूर्वजाकडून वारशाने सगळीकडे आलेला नाही. तो राज्याच्या केंद्राकडून, राजधानीच्या प्रतिष्ठेबरोबर आणि व्यापाराबरोबर बाहेर पसरला. राजधानीचे लोक जसे बोलतात तसे बोलावे, ही इच्छा जगात सगळीकडे सारखीच.

कोंगोचे राज्य आणि बोली यांचा संबंध काय?

१४८३ मध्ये दिओगू काऊ हा पोर्तुगीज दर्यावर्दी नदीच्या मुखाशी पोचला, तेव्हा म्बांझा कोंगोला राजधानी असलेले संघटित राज्य तिथे उभे होते. सोयो, म्बाम्बा, न्सुंडी, म्पांगू, म्बाता, म्पेम्बा हे त्याचे प्रांत. उत्तरेला किनाऱ्यावर लोआंगो, काकोंगो, न्गोयो ही वेगळी राज्ये. बोलींच्या नकाशावर ही नावे ठेवून पाहा : म्बाता प्रांताचे नाव पूर्वेच्या बोलीत जिवंत आहे, लोआंगोची भाषा ती विली. १६६५ च्या म्ब्विलाच्या लढाईत राजा मारला गेला, यादवी माजली आणि १६७८ मध्ये राजधानी ओस पडली. पण तोपर्यंत राजधानीच्या बोलण्याचा ठसा मध्य भागावर उमटून गेला होता. म्बांझा कोंगोला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

किकोंगोचे सर्वांत जुने लेखन कोणते? आणि गोव्याशी त्याचा संबंध आहे हे खरे का?

खरे आहे, आणि मराठी वाचकाला हा धागा माहीत असायलाच हवा.

सोळाव्या शतकात मार्कुस झोर्झ या पोर्तुगीज जेझुइटाने मुलांना ख्रिस्ती धर्म शिकवण्यासाठी प्रश्नोत्तरांची पुस्तिका लिहिली. पोर्तुगीज जहाजे जिथे जिथे गेली तिथे ती गेली. थॉमस स्टीफन्स, म्हणजे १६१६ मध्ये मराठीत क्रिस्तपुराण छापणारे आपले फादर स्टीफन्स, यांनी तिच्याच आधारे कोंकणीत ‘दौत्रिन’ तयार केली. ती १६२२ मध्ये साष्टीतल्या रायतूर इथे छापली गेली. आणि १६२४ मध्ये लिस्बनला त्याच झोर्झ यांच्या पुस्तिकेचे किकोंगो भाषांतर छापले गेले. मातेउश कार्दोझू यांच्या देखरेखीखाली ते झाले. वर पोर्तुगीज ओळ, खाली किकोंगो ओळ, अशी त्याची मांडणी. बांटू भाषेतले आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने पुस्तक. झुआरीच्या काठी आणि काँगोच्या काठी पोरांनी दोन वर्षांच्या अंतराने तेच प्रश्न आपापल्या भाषेत पाठ केले असतील, या विचाराने मला दर वेळी भरून येते.

व्याकरणाचेही तसेच. स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरलाच छापले गेले. किकोंगोचे, म्हणजे कोणत्याही बांटू भाषेचे पहिले व्याकरण जाचिंतो ब्रुशोत्तो या इटालियन कॅपुचिन पाद्र्याने १६५९ मध्ये रोमला छापले. लॅटिनवर पोसलेल्या त्या माणसाला कळून चुकले की इथे नामांचे वर्ग शेवटावरून नाही, सुरुवातीवरून लावायचे. त्याने ते तसे लावले. नाहीतर त्या काळच्या पाद्र्यांची लॅटिनच्या साच्यात सगळ्या भाषा कोंबण्याची सवय सर्वांना ठाऊक आहे.

मग सतराव्या शतकातली ती किकोंगो ही आजच्या सगळ्या बोलींची आई का?

नव्हे. त्या काळची कागदपत्रे मुख्यतः राजधानीच्या परिसरातल्या भाषेची आहेत आणि तिच्यात दक्षिण शाखेची खास लक्षणे तेव्हाच दिसतात. म्हणजे शाखा त्याच्या आधीच फुटल्या होत्या. जुनी किसिकोंगो ही आजच्या दक्षिण बोलींची आजी आहे, योम्बे किंवा लारीची फार तर आजीची बहीण. जुने लिखाण एकाच शाखेचे उरले म्हणून तीच शाखा मूळ ठरत नाही.

सतराव्या शतकातच लॅटिन-स्पॅनिश-किकोंगो शब्दकोशाचे एक हस्तलिखितही तयार झाले. फ्लेमिश कॅपुचिन योरिस फान खेल यांच्या नावाशी ते जोडले जाते. तेही याच दक्षिण बोलीचे.

बायबल, शब्दकोश, शाळेची पुस्तके कोणत्या बोलीत आहेत?

जिथे ज्या मिशनचे ठाणे, तिथली बोली प्रमाण झाली. ब्रिटिश बॅप्टिस्ट म्बांझा कोंगोला होते. त्यांच्यापैकी होलमन बेंटली यांचा १८८७ चा शब्दकोश आणि व्याकरण दक्षिण बोलीचे. स्वीडिश मिशनऱ्यांनी मध्य भागातल्या मुकिम्बुंगूहून १८९२ मध्ये ‘मिन्सामू मियायेंगे’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांच्यातले कार्ल लामान यांचे संपूर्ण बायबल १९०५ चे. कॅथलिक जेझुइट किसांतूला होते, त्यांनी न्तांडू बोली उचलली. म्हणून ‘शुद्ध किकोंगो कुठली’ या प्रश्नाला चर्चनुसार वेगळे उत्तर मिळते.

लामान यांचा १९३६ चा किकोंगो-फ्रेंच शब्दकोश मात्र वेगळ्या योग्यतेचा आहे. हजारावर पानांत त्यांनी शब्द कोणत्या भागातला हे खुणांनी नोंदवले आणि सूरही, म्हणजे उच्चारातले चढ-उतारही, नोंदवले. ‘देणे’ हा अर्थ घ्या. ‘वाना’ हे रूप, आणि पूर्वेकडे ‘हाना’. मूळ बांटू ‘प’ची दोन ठिकाणी झालेली दोन रूपे एका नजरेत दिसतात. प्रमाणभाषा घडवायला निघालेल्या माणसाने बोलींचा इतका आदर राखला, याचे मला फार मोल वाटते.

कितुबा किंवा ‘किकोंगो या लेता’ ही किकोंगोचीच बोली ना?

शाखा म्हणून नव्हे. ती संपर्कातून घडलेली भाषा आहे. बाजार, वाहतूक, सरकारी ठाणी, मातादी बंदरापासूनचा रेल्वेमार्ग अशा ठिकाणी वेगवेगळ्या बोलींचे लोक एकत्र आले आणि व्याकरण सुटसुटीत झाले. ‘लेता’ हा फ्रेंचमधल्या ‘सरकार’ या अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश. मूळ किकोंगोत ‘आम्ही’साठी क्रियापदाला ‘तु’ आणि ‘ते’साठी ‘बा’ जोडावा लागतो. कितुबात ‘बेतो के दिआ’, ‘बाऊ के दिआ’ : सर्वनाम सुटे आणि क्रियापद जसेच्या तसे. काँगो-ब्राझाव्हिलच्या संविधानात ती कितुबा या नावाने आहे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या चार राष्ट्रीय भाषांत नुसते ‘किकोंगो’ असे लिहिले आहे, आणि त्यामुळे अनेक मान्यांगा-न्तांडू लोकांना आपली भाषा कागदावर आपल्याच नावाखाली दुसऱ्या कुणाला दिल्यासारखी वाटते. त्यांचे दुखणे खरे आहे.

समूहाच्या बाहेर जवळचे नातेवाईक कोण?

तेके, न्झेबी, म्बेते या गॅबन आणि काँगो-ब्राझाव्हिलमधल्या भाषा, म्हणजे गथ्रींच्या बी ५० ते बी ७० मधल्या, आणि पूर्वेकडच्या काही. या सगळ्यांच्या शाखेला पश्चिम किनारी बांटू म्हणतात. गथ्रींचे अक्षर इथेही दगा देते, हे ओघाने आलेच.

नाव किनारी असले, तरी २०१९ च्या अभ्यासात या शाखेचे मूळ स्थान किनाऱ्यापासून बरेच आत, कसाई आणि काम्त्शा नद्यांच्या मधे धरले आहे. म्हणजे लोक नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेकडून निघून जंगलपट्टा ओलांडून आधी आत आले आणि त्यातले काही पुन्हा पश्चिमेला समुद्राकडे वळले.

समुद्रापार किकोंगो कुठे सापडते?

गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांबरोबर ती अमेरिकेत गेली. क्युबात पालो पंथाच्या पूजेची भाषा किकोंगो शब्दांनी भरलेली आहे. कोलंबियातल्या सान बासिलिओ दे पालेंके या पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेल्या गावात आजही मुलाला ‘मोना’ आणि गुराला ‘न्गोम्बे’ म्हणतात. किकोंगोत ‘म्वाना’ आणि ‘न्गोम्बे’. तिथल्या शब्दांची रूपे योम्बेकडच्या, म्हणजे पश्चिम शाखेच्या जवळ जातात असे अभ्यासकांनी दाखवले आहे. जहाजांच्या वह्यांत माणसांची नावे-गावे नीट नोंदली नाहीत. वंशजांच्या तोंडातल्या शब्दावरून मात्र पूर्वज कोणत्या किनाऱ्यावरून नेले गेले याचा माग लागतो. बोलींचे वर्गीकरण बारकाईने का करायचे, याला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

शिकायची असेल, तर कोणत्या बोलीपासून सुरुवात करावी?

कुणाशी बोलायचे आहे त्यावर ठरवा. किन्शासाच्या पश्चिमेकडच्या शहरांत फिरायचे, तर कितुबा. जुनी कागदपत्रे वाचायची, तर बेंटली हाताशी ठेवून दक्षिण किकोंगो. बहुतेक छापील साहित्य आणि लामान वापरायचा, तर मान्यांगा. अंक आधी पाठ करा : मोसी, झोले, तातू, या, तानू, साम्बानू, न्साम्ब्वादी, नाना, व्वा, कुमी. ज्याला स्वाहिली येते त्याला तातू, तानू, नाना, कुमी ऐकताच ओळख पटेल, कारण स्वाहिलीत तातू, तानो, नाने, कुमी. सहा आणि सातला मात्र तो अडखळेल. स्वाहिलीने तिथे अरबी अंक उचलले आणि किकोंगोने आपलेच ठेवले.